वसईचा पोरगा जपानला गेला, कुष्ठरोग्यांचा आधार झाला आणि भारताचा पहिला कॅथलिक संत ठरला

१२ ऑक्टोबर २००८. केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना व्हॅटिकनमध्ये संत घोषित करण्यात आलं. टीव्हीच्या पट्टीवर, वेबसाईटवर बातमी झळकली आणि बऱ्याच ठिकाणी त्यांचा उल्लेख भारताच्या पहिल्या संत असा झाला.

ही हेडलाईन अर्धीच बरोबर होती. अल्फोन्सा या भारतातल्या पहिल्या महिला संत. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत त्याच्या तब्बल १४६ वर्षं आधी जाहीर झाला होता. आणि तो होता आपल्या वसईचा.

त्याचं नाव गोन्सालो गार्सिया.

वसईत कुणालाही विचारा, नाव लगेच ओळखतील. तिथे त्याच्या नावाचं कॉलेज आहे, चर्च आहे. पण वसईची खाडी ओलांडली की चित्र बदलतं. इकडे नवी मुंबईत, ठाण्यात, पुण्यात हे नाव घेतलं की लोक विचारतात, हा कोण?

हा एक असा माणूस, ज्याला आयुष्यभर दुसऱ्या नंबरवर ठेवलं गेलं. बाप पोर्तुगीज, आई इथली, त्यामुळे तो ना धड गोरा ना धड नेटिव्ह. ज्या संघात जायचं होतं त्यांनी घेतलं नाही. ज्यांनी घेतलं, त्यांच्यातही तो कधी फादर झाला नाही. पण वेळ आली तेव्हा जपानच्या सर्वात ताकदवान माणसासमोर बोलायला हाच लागला. आणि ज्यांना कुणी शिवत नव्हतं, त्यांच्या उशाशीही हाच होता.

आपण ज्ञानोबा-तुकोबांना एकेरीत हाक मारतो. वसईच्या या पोराची गोष्टही तशीच, घरच्या माणसासारखी सांगूया.

वसई तेव्हा मोठं शहर होतं

आज वसई म्हटलं की लोकल, केळी आणि किल्ला आठवतो. सोळाव्या शतकात गोष्ट वेगळी होती.

१५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पोर्तुगीजांनी समुद्राच्या तोंडावर तटबंदी बांधली, आत चर्च, मठ, शाळा, श्रीमंतांचे वाडे उभे केले. पुढे हे शहर त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं मुख्य ठाणं बनलं.

गोन्सालोचा जन्म इथला, १५५६ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई वसईतलीच. अशी लग्नं तेव्हा वसईत आणि गोव्यात सर्रास होत. पण त्यातून जन्मलेल्या मुलांची पंचाईत व्हायची. पोर्तुगीजांच्या लेखी ती पूर्ण पोर्तुगीज नसायची आणि गावाच्या लेखी पूर्ण गावची नसायची.

किल्ल्यात जेजुइट फादरांची शाळा होती. जेजुइट म्हणजे येशूसंघ, फ्रान्सिस झेवियर ज्या संघाचे होते तो. गोन्सालो त्यांच्याकडे शिकला. तिथले फादर सेबास्तियाओ गोन्साल्विस यांचा त्याच्यावर जीव होता. १५७२ मध्ये त्यांना जपानला जायचं होतं. त्यांनी या पोरालाही सोबत घेतलं.

गोन्सालो तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. म्हणजे आजच्या हिशोबाने दहावीतला मुलगा.

भाषा शिकला, पण दार उघडलं नाही

जपानमध्ये तेव्हा सगळीकडे लढाया चालू होत्या. छोटे-मोठे सरदार एकमेकांशी भिडले होते. ख्रिस्ती धर्म तिथे येऊन जेमतेम तेवीस वर्षं झाली होती. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर स्वतः जपानला पोहोचले, तिथून सुरुवात.

युरोपातून आलेल्या फादरांची सगळ्यात मोठी अडचण होती भाषा. जपानी शिकणं सोपं नव्हतं. समोरचा माणूस कोण आहे त्यावर क्रियापद बदलतं, आदराचे शब्द बदलतात. मोठ्या वयात आलेल्या युरोपियन फादरांची इथे दमछाक व्हायची.

गोन्सालो मात्र लहान वयात गेला होता. बाजारात, रस्त्यावर, लोकांच्या घरात बसून त्याने भाषा उचलली. तो धर्मशिक्षक म्हणून काम करू लागला. धर्मशिक्षक म्हणजे फादर नव्हे. गावोगाव जाऊन लोकांना प्रार्थना शिकवायच्या, धर्माची ओळख करून द्यायची, आजाऱ्यांना भेटायचं, हे त्याचं काम. हे त्याने आठेक वर्षं केलं.

त्याची एकच इच्छा होती. आपणही जेजुइट व्हावं.

ती पूर्ण झाली नाही. त्या काळात आशियातल्या मिशनचे वरिष्ठ मिश्र वंशाच्या आणि भारतीय मुलांना संघात घ्यायला नाखूष असायचे. काम करून घ्यायला हरकत नव्हती. सभासद करून घ्यायला होती. गोन्सालो वाट बघत राहिला आणि शेवटी बाहेर पडला.

पुढची काही वर्षं त्याने व्यापार केला. भाषा येत होती, लोक ओळखत होते, स्वभाव गोड होता. धंद्यात जम बसला. पूर्वेकडच्या बंदरांमधून त्याची ये-जा सुरू झाली, हातात पैसा खेळू लागला.

इथेच गोष्ट संपली असती तर आज त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. वसईचा एक व्यापारी परदेशात सेटल झाला, एवढंच.

मनिलात मिळालेली जागा

व्यापारानिमित्त गोन्सालो फिलिपिन्समधल्या मनिला शहरात पोहोचला. इथे स्पेनची सत्ता होती. आणि इथे त्याला फ्रान्सिस्कन भेटले.

फ्रान्सिस्कन म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसचा संघ. अंगात जाडाभरडा झगा, कमरेला दोरी, पायात बहुतेक वेळा काही नाही, जवळ पैसा नाही. संत फ्रान्सिसच्या चरित्रातली एक घटना या संघाला फार जवळची आहे. तरुणपणी त्याला कुष्ठरोग्यांची किळस वाटायची. एक दिवस घोड्यावरून उतरून त्याने अशाच एका रोग्याला मिठी मारली आणि तिथून त्याचं आयुष्य बदललं. त्यामुळे कुष्ठरोग्यांची सेवा हा या संघाचा पहिल्यापासूनचा वारसा.

गोन्सालोने व्यापार सोडला. १५८७-८८ च्या सुमारास तो फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. पण फादर म्हणून नाही, ब्रदर म्हणून.

हा फरक समजून घेऊया, कारण गोष्टीचा गाभा इथेच आहे. कॅथलिक चर्चमध्ये फादर म्हणजे दीक्षा झालेला धर्मगुरू. मिस्सा अर्पण करणं, पापनिवेदन ऐकणं हे फक्त तोच करू शकतो. ब्रदरही व्रतं घेतो, संघात राहतो, लग्न करत नाही, पण तो धर्मगुरू नसतो. त्या काळी स्वयंपाक, दाराची राखण, बाजारहाट, आजाऱ्यांची देखभाल ही कामं ब्रदरकडे असायची. मठातली खालची पायरी म्हणा ना.

गोन्सालोने ती पायरी आनंदाने घेतली. आणि काही वर्षांतच अशी वेळ आली की त्याच्यावाचून संघाचं पान हलेना.

हिदेयोशीच्या दरबारात

जपानमध्ये दरम्यान बरंच काही घडलं होतं. टोयोटोमी हिदेयोशी नावाच्या एका गरीब घरातल्या माणसाने पराक्रमाच्या जोरावर जवळजवळ सगळा देश एका सत्तेखाली आणला होता. आपल्याकडे अकबराची राजवट होती, तोच हा काळ.

हिदेयोशीला परदेशी व्यापार हवा होता, पण परदेशी धर्माबद्दल संशय होता. १५८७ मध्ये त्याने मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला. त्याची अंमलबजावणी मात्र सैल होती. पोर्तुगीजांची जहाजं हवी होती ना, म्हणून डोळेझाक चालायची.

मग त्याची नजर फिलिपिन्सवर गेली. तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरने आपली अधीनता मान्य करावी, असा निरोप त्याने पाठवला. मनिलात घबराट पसरली. गव्हर्नरने आधी हुआन कोबो नावाच्या एका डोमिनिकन फादरांना दूत म्हणून पाठवलं. ते परतीच्या वाटेवर तैवानमध्ये मारले गेले.

१५९३ मध्ये दुसरं शिष्टमंडळ निघालं. प्रमुख होते फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता. विद्वान माणूस, पण जपानी येत नव्हतं. सोबतच्या इतरांचीही तीच गत. मग हिदेयोशीशी बोलणार कोण?

ब्रदर गोन्सालो.

विचार करा. एका बाजूला जपानचा सर्वेसर्वा, कोरियावर स्वारी करून बसलेला, ज्याच्या एका शब्दावर माणसं मारली जायची. दुसऱ्या बाजूला स्पेनच्या साम्राज्याचा दूत. आणि दोघांच्या मधे वसईचा एक ब्रदर. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर युद्ध पेटेल किंवा डोकं जाईल.

क्युशू बेटावरच्या नागोया नावाच्या छावणीत ही भेट झाली. आजचं जे मोठं नागोया शहर आहे ते वेगळं, हे नाही. दूतांनी मैत्रीची तयारी दाखवली, अधीनता मात्र स्वीकारली नाही. हिदेयोशी रागावला, पण बोलणं तुटलं नाही. उलट या अनवाणी माणसांना त्याने जपानमध्ये राहायची परवानगी दिली. राजधानी क्योटोमध्ये जागाही मिळाली.

ज्या जपानमध्ये गोन्सालोला संघात घ्यायला कुणी तयार नव्हतं, तिथेच तो आता परत आला होता. यावेळी संघाचा झगा घालून आणि सगळ्यांचा आवाज बनून.

क्योटोतला दवाखाना

१५९४ मध्ये क्योटोत फ्रान्सिस्कनांचं छोटंसं चर्च आणि मठ उभा राहिला. त्याला लागूनच त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने सुरू केले. एकाला संत अ‍ॅना यांचं नाव दिलं, दुसऱ्याला संत जोसेफ यांचं.

दवाखाना म्हटल्यावर आज आपल्या डोळ्यांसमोर औषधं, इंजेक्शन, रिपोर्ट येतात. तेव्हा यातलं काहीच नव्हतं. कुष्ठरोग जंतूमुळे होतो हे नॉर्वेच्या हान्सेन या डॉक्टरने दाखवलं १८७३ मध्ये. आज जी औषधं एकत्र देऊन हा आजार पूर्ण बरा करतात, त्या पद्धतीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली १९८१ मध्ये. म्हणजे गोन्सालोच्या काळात या रोगावर उपाय नव्हता. कुणाकडेच नाही.

मग हे लोक तिथे नेमकं करायचे काय?

जखमा धुवायचे. कापडाच्या पट्ट्या बांधायचे. जेवण द्यायचे. अंथरूण द्यायचे. ज्याला घरच्यांनी बाहेर काढलंय, त्याच्याजवळ बसून त्याच्याच भाषेत बोलायचे. मेला तर नीट पुरायचे.

हे आज साधं वाटेल. तेव्हा नव्हतं. जपानमध्ये कुष्ठरोग हे मागच्या जन्मीच्या पापाचं फळ मानलं जायचं. आपल्याकडेही तीच समजूत होती, आणि खरं सांगायचं तर युरोपही काही वेगळा नव्हता. रोगी माणूस घरातून, गावातून, जातीतून बाहेर फेकला जायचा. आजार शरीर खायचा त्याआधी समाज माणूसपण काढून घ्यायचा.

कुष्ठरोग्यांना बरोबरीने वागवणारी जागा म्हटलं की मराठी माणसाला बाबा आमटे आणि आनंदवन आठवतं. ते उभं राहिलं १९४९ मध्ये. क्योटोतला हा दवाखाना त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीचा, आणि त्यात वसईचा माणूस होता.

हे काम फक्त परदेशी लोक करत नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवं. दवाखान्यांचा भार जपानी प्रापंचिक माणसांनी उचलला होता. प्रापंचिक म्हणजे साधे, घरदार असलेले ख्रिस्ती. त्यांच्यात लिओ कारासुमारू होता, पॉल सुझुकी होता, फ्रान्सिस नावाचा एक वैद्यही होता. स्पॅनिश फादर आणि ही जपानी मंडळी यांच्यामधला दुवा पुन्हा गोन्सालोच. प्रवचन फादरांचं असलं तरी लोकांच्या कानावर पडायचे ते शब्द बऱ्याचदा गोन्सालोचे असायचे. आजारी माणसाला काय दुखतंय हे फादरांना कळायचं तेही त्याच्याकडून.

आजार बरे करणारा उपदेशक म्हटलं की आज आपल्यासमोर स्टेज, माईक, मोठी गर्दी आणि डोक्यावर ठेवलेला हात येतो. गोन्सालोच्या हातात चमत्कार नव्हता. ओलं फडकं होतं. पण ज्याला वर्षानुवर्षं कुणी शिवलेलं नाही, त्याच्या जखमेला माणसाचा हात लागणं ही त्या रोग्यासाठी किती मोठी गोष्ट असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

एक जहाज फुटलं आणि सगळं बदललं

ही शांतता फार टिकली नाही. त्याची कारणं दोन.

पहिलं कारण घरातलंच होतं. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ मध्ये जपानचं मिशन फक्त जेजुइटांकडे सोपवलं होतं. जेजुइटांच्या मागे पोर्तुगाल होता, फ्रान्सिस्कनांच्या मागे स्पेन. जेजुइट वर्षानुवर्षं हिदेयोशीच्या हुकुमाला सांभाळून, गाजावाजा न करता काम करत होते. फ्रान्सिस्कन मात्र उघडपणे प्रवचनं देत, मिस्सा करत. त्यामुळे दोघांत तणाव होता.

दुसरं कारण समुद्रातून आलं. १५९६ च्या उन्हाळ्यात सॅन फेलिपे नावाचं एक प्रचंड स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोकडे निघालं. वादळात सापडलं आणि ऑक्टोबरमध्ये जपानच्या शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागून फुटलं. आत रेशमासकट प्रचंड किमतीचा माल होता.

हिदेयोशीला पैशाची गरज होती. कोरियाची मोहीम खर्चिक ठरली होती. त्याच सप्टेंबरमध्ये मोठा भूकंप होऊन त्याचा फुशिमीचा राजवाडा कोसळला होता. त्याने जहाजाचा माल जप्त करायचं ठरवलं.

असं सांगतात की माल वाचवण्यासाठी जहाजाच्या एका अधिकाऱ्याने नकाशा उलगडला आणि स्पेनचं साम्राज्य किती मोठं आहे याची फुशारकी मारली. आधी मिशनरी जातात, मागून सैन्य येतं, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ निघाला. तो खरंच असं बोलला का, की माल लाटण्यासाठी हे निमित्त केलं गेलं, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पण परिणाम एकच झाला. हिदेयोशीचा जुना संशय उफाळून आला.

डिसेंबर १५९६ मध्ये क्योटो आणि ओसाकातल्या फ्रान्सिस्कनांच्या घरांवर पहारे बसले. अटकेत फादर होते, ब्रदर होते, दवाखान्यात काम करणारी जपानी माणसं होती, मठात राहणारी कोवळी पोरं होती. तीन जपानी जेजुइटही त्यात सापडले, त्यातला पॉल मिकी उत्तम वक्ता होता. एकूण २४ जण.

शिक्षा ठरली. नागासाकीला नेऊन क्रूसावर मृत्यू.

कापलेला कान आणि बर्फातली वाट

जानेवारी १५९७ च्या सुरुवातीला क्योटोत या सगळ्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. मूळ हुकूम नाक आणि दोन्ही कान कापायचा होता. अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याने तो सौम्य केला. मग त्यांना गाड्यांवर बसवून क्योटो, ओसाका आणि साकाई या शहरांतून फिरवलं, लोकांना दहशत बसावी म्हणून.

तिथून नागासाकी सुमारे ८०० किलोमीटर. बहुतेक वाट पायी. ऐन हिवाळा, थंडी, बर्फ. आपल्या हिशोबात बोलायचं तर मुंबईहून नागपूर. चालायला जवळपास महिना लागला.

वाटेत त्यांची देखभाल करायला आलेले दोन जण स्वतःच त्यांच्यात सामील झाले. २४ चे २६ झाले.

५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीची निशिझाका टेकडी. समोर समुद्र. २६ क्रूस एका रांगेत. परंपरेनुसार टेकडीवर पोहोचताच सगळ्यात आधी आपल्या क्रूसाकडे गेला तो गोन्सालो.

जपानी पद्धतीत क्रूसावर खिळे ठोकत नसत. हात, पाय आणि मान लोखंडी कड्यांनी आणि दोरांनी जखडत. मग दोन्ही बाजूंनी भाले खुपसत. पॉल मिकी क्रूसावरूनही जमलेल्या लोकांशी बोलत राहिला आणि आपल्याला मारणाऱ्यांना क्षमा करून गेला.

त्या २६ जणांत २० जपानी होते, चार स्पॅनिश, एक मेक्सिकन आणि एक वसईकर. सर्वात लहान लुडोविको इबाराकी, वय फक्त १२ वर्षं. मेक्सिकोचा फेलिपे तर त्या फुटलेल्या जहाजावरचा प्रवासी होता, फादर व्हायची दीक्षा घ्यायला घरी चालला होता. क्योटोच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करणारी जपानी माणसंही याच रांगेत होती.

गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता.

मग तो संत कधी झाला?

१४ सप्टेंबर १६२७ रोजी पोप आठवे अर्बन यांनी गोन्सालो आणि त्याच्या फ्रान्सिस्कन गटातल्या साथीदारांना धन्य घोषित केलं. संत होण्याआधीची ही पायरी. पुढे ८ जून १८६२ रोजी रोममध्ये पोप नववे पायस यांनी सर्व २६ हुतात्म्यांना संत घोषित केलं. त्या दिवशी भारतात जन्मलेल्या व्यक्तीला पहिल्यांदा हा मान मिळाला.

जपानमध्ये मधल्या काळात ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी आली होती. १८६४ मध्ये नागासाकीत याच २६ जणांच्या स्मरणार्थ ओउरा चर्च उभं राहिलं. पुढच्याच वर्षी, मार्च १८६५ मध्ये, काही गावकरी तिथे गुपचूप आले आणि फ्रेंच फादरांना आपली ओळख दिली. दोनशे वर्षांहून जास्त काळ त्यांच्या घराण्यांनी लपून श्रद्धा जपली होती. निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये मोठं स्मारक झालं. शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी घडवलेल्या २६ ब्राँझच्या आकृत्या तिथे ओळीत उभ्या आहेत. त्यातला एक आपला गोन्सालो.

तरी त्याला कुणी मोजत का नाही?

याचं उत्तर पुन्हा जन्माशी येऊन थांबतं. बाप पोर्तुगीज म्हणून अनेक याद्यांत तो पोर्तुगीज ठरला. काम जपानमध्ये केलं म्हणून जपानच्या हुतात्म्यांत मोजला गेला. संघ स्पॅनिश म्हणून स्पॅनिश कागदपत्रांत राहिला. जिवंतपणी जो प्रश्न होता, तोच मेल्यावरही. हा नक्की कुणाचा?

अजून एक गोंधळ होतो. २०२२ मध्ये तामिळनाडूचे देवसहायम पिल्लई यांना संत घोषित केलं तेव्हा ते भारताचे पहिले प्रापंचिक संत आहेत असं सांगितलं गेलं. ते बरोबर आहे. देवसहायम संसारी गृहस्थ होते. गोन्सालो धर्मगुरू नसला तरी व्रत घेतलेला ब्रदर होता. म्हणून पहिला भारतीय संत गोन्सालो, पहिल्या महिला संत अल्फोन्सा आणि पहिले प्रापंचिक संत देवसहायम. तिन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

वसईने मात्र हा प्रश्न कधीच सोडवून टाकला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, पोर्तुगीज गेले, आतलं शहर ओस पडलं. पण आसपासच्या गावांतले ख्रिस्ती लोक इथेच राहिले. इथलीच भाषा बोलत, इथलीच शेती-बागायत करत. त्यांनी गोन्सालोला आपला मानलं. गास गावातलं चर्च त्याच्या नावाचं आहे. कॉलेज त्याच्या नावाचं आहे. किल्ल्यातल्या जुन्या चर्चच्या अवशेषांपैकी एक आजही लोक त्याच्याच नावाने ओळखतात.

नवी मुंबईतून वसईला जायचं तर पनवेलहून दिव्यामार्गे मेमू आहे. वसई रोडला उतरून किल्ल्यात जा. तिथे हल्ली प्री-वेडिंग शूट आणि रील्सची गर्दी असते. तेही करा, बिनधास्त करा. पण त्या उंच, बिनछपराच्या भिंतींखाली उभे राहाल तेव्हा एवढं आठवा की साडेचारशे वर्षांपूर्वी याच तटबंदीच्या आत एक पोरगा शाळेत जात होता. त्याला पुढे सगळ्यांनी सांगितलं की तू पूर्ण आमचा नाहीस. त्याने त्याचं भांडवल केलं नाही. दोन्हीकडची भाषा शिकला आणि जे कुणाचेच नव्हते, त्यांचा होऊन राहिला.